म्हाताऱ्या मांजरीचे ओरडणे



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ध्वनिक्षेपकासमोर बसून मांजरीच्या ओरडण्यावर बोलावे, हे जरा विचित्रच. पण गेल्या वर्षी पाच महिने आमच्या घरात कोणी सलग चार तास झोपलेले नाही, आणि त्या पाच महिन्यांत मी जेवढे चुकीचे अनुमान केले तेवढे वर्गातला सर्वांत आळशी विद्यार्थीही करीत नाही. तेव्हा हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

आमच्या मांजरीचे नाव ठमी. वय त्या वेळी चौदा. पुण्यात पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, तेव्हा ढिगाऱ्यातून माझ्या मुलीने उचलून आणलेले हे पिल्लू. स्वभावाने अबोल. दुधाची पिशवी दारात पडली की एकदा ‘म्याव’ करायचं, संध्याकाळी मी कुलूप उघडलं की एकदा करायचं, एवढाच तिचा दिवसभराचा संवाद. तेरा वर्षं हे असंच चाललं. आणि मग एका रात्री, अडीचच्या सुमारास, मधल्या खोलीतून असा काही आवाज आला की मी दचकून उठलो. तो म्यावचा आवाज नव्हता. खोल, लांबलचक, शेवटी हेलकावा घेणारा, एखादे माणूस विव्हळावे तसा आवाज. दिवा लावून पाहिलं, तर ठमी खोलीच्या मध्यावर उभी आणि भिंतीकडे तोंड करून ओरडते आहे. मला पाहिलं आणि थांबली. दिवा मालवला, पुन्हा सुरू.

दुसऱ्या रात्री तेच, आणि तिसऱ्या रात्रीही. पंधरा दिवसांत ते अडीचला सुरू होऊन पाचपर्यंत चालू लागलं.

आता पाहा, आम्ही काय काय निष्कर्ष काढले. पहिला माझ्या पत्नीचा: मांजरी माजावर आली असेल. पण तिची शस्त्रक्रिया ती वर्षाची असतानाच झालेली होती, म्हणून तो बाद. दुसरा माझा: भूक. हा तर अगदी सिद्ध झाल्यासारखा वाटला, कारण ठमीची भूक खरोखरच वाढली होती. पूर्वी वाटीत अर्धे खाणे ठेवून निघून जाणारी मांजरी आता वाटी चाटून पुसून पुन्हा ओट्याखाली येऊन बसे. मी रात्री निजताना तिला आणखी एक वाटी देऊ लागलो. ‘म्हातारपणी भूक लागते, तब्येत ठणठणीत आहे,’ असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत होतो. ती खात होती, आणि तरी तिच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला होता. हे माझ्या हाताला कळत होते आणि डोक्याला कळत नव्हते. खाते आहे त्या अर्थी बरी आहे, या वाक्यातला हेत्वाभास मी वर्गात दहा मिनिटांत उलगडून दाखवला असता.

तिसरा निष्कर्ष माझ्या आईचा. तो सांगायला मला जरा जड जाते.

माझे वडील गेले त्या आठवड्यात आमच्या जुन्या वाड्याच्या पत्र्यावर एक बोका रात्र रात्र रडत असे. आईच्या मनात त्या दोन गोष्टींची गाठ कायमची बसलेली. आता तिचं वय ब्याऐंशी, हृदयाचं दुखणं, आणि दोन दारांपलीकडे रोज पहाटेपर्यंत हा आक्रोश. ती बोलत काही नव्हती. पण एका सकाळी मी तिच्या खोलीत गेलो, तर तिने आपल्या पेटीतले दागिने, बँकेची कागदपत्रं, वाटणीची यादी असं सगळं पलंगावर मांडून ठेवलेलं. म्हणाली, “अरे, माझं काही नाही. पण तुम्हाला नंतर शोधाशोध नको.”

मी तिला काकतालीय न्याय समजावून सांगितला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली असं होत नाही. बोका त्याच्या कारणानं रडत होता, बाबा त्यांच्या आजारानं गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुझा न्याय तुझ्या वर्गात शिकव. ती उगीच ओरडत नाही, काहीतरी सांगतेय, एवढं मला कळतंय.”

मी हसून उठलो. ते हसणे मला आज आठवले की लाज वाटते.

मांजरांच्या बोलण्याविषयी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मोठी झालेली मांजरे आपापसांत सहसा ‘म्याव’ करीत नाहीत. ती गुरगुरतात, फिसकारतात, भांडताना किंवा माजावर असताना आळवून गातात. म्याव हा पिल्लाने आईला मारलेला आवाज. रानातल्या मांजरांत तो वयाबरोबर जवळजवळ बंद पडतो. माणसाच्या घरात राहणारे मांजर मात्र तो जन्मभर जपून ठेवते आणि आपल्यासाठी वापरते. म्हणजे ठमी रात्री अडीच वाजता जे काही ओरडत होती, ते आमच्याच पत्त्यावर पाठवलेलं होतं. पण आम्ही ते आलं तसं परत पाठवत होतो. मी तिच्यावर ओरडलो, पाण्याचा फवारा मारून पाहिला. शेवटी तिला न्हाणीघरात कोंडू लागलो, तर तिथे आवाज घुमून अधिकच मोठा झाला.

मग इमारतीतल्या मंडळींची सभा झाली. वरच्या मजल्यावर नुकतं बाळंतपण झालेलं, समोरच्या घरात दहावीचा मुलगा. सगळे अतिशय सभ्यपणे बोलले, आणि तेच जास्त लागलं. “सर, आमचं काही म्हणणं नाही, पण काहीतरी करा.” काहीतरी म्हणजे काय, हे कोणीच उच्चारलं नाही. आपल्याकडे त्याची रीत ठरलेली आहे: पोत्यात घालायचं आणि नदीपलीकडे सोडून यायचं. मी सुशिक्षित असल्यामुळे पोत्याऐवजी झाकणाची टोपली घेतली आणि नदीपलीकडच्याऐवजी मुळशीच्या बाजूला एका नातेवाइकांचं शेत ठरवलं. तिथे गोठा आहे, उंदीर आहेत, मोकळी हवा आहे, असं घरात सांगितलं. चौदा वर्षांची, दात पडलेली मांजरी तिथे आठ दिवस तरी जगली असती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

रविवारी सकाळी टोपली गाडीत ठेवली आणि निघालो. दहा मिनिटे ती ओरडत होती. मग एकाएकी आवाज बंद झाला. मला हायसं वाटायला हवं होतं. गाडी बाजूला घेऊन झाकण उघडलं, तर ठमी तोंड उघडून, जीभ बाहेर काढून कुत्र्यासारखी धापा टाकत होती. कुत्र्याला धाप लागणं नेहमीचं; मांजर असं सहसा करीत नाही. बरगड्यांवर हात ठेवला तर आत एखादं शिवणयंत्र चालावं तसं काळीज धडधडतंय. मी गाडी वळवली आणि वाटेत जो पहिला जनावरांचा दवाखाना उघडा दिसला त्यात शिरलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण होत्या. त्यांनी आधी ठमीला अंधाऱ्या खोलीत शांत बसू दिलं. मग सगळं ऐकून घेतलं, आणि तपासायला सुरुवात केली ती गळ्यापासून. तिची हनुवटी वर उचलून त्यांनी अंगठा आणि तर्जनी श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी हलकेच खाली सरकवली, थांबल्या, आणि माझं बोट धरून त्या जागी लावलं. कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी गुळगुळीत सटकलं. “निरोगी मांजरात हे हाताला लागत नाही,” त्या म्हणाल्या. “थायरॉईड वाढलेली दिसतेय. रक्त तपासू.”

थायरॉईड म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतली अवटू ग्रंथी. हिला पाश्चात्त्य नाव दिलं १६५६ साली टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने. ग्रीक भाषेतल्या ढालीवरून तो शब्द आला. मांजरात तिचे दोन लांबट भाग श्वासनलिकेच्या दोन बाजूंना असतात. ही ग्रंथी रक्तातले आयोडीन उचलते आणि त्यापासून थायरॉक्सिन नावाचा रस तयार करते. एडवर्ड केंडॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ च्या नाताळच्या दिवशी तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून तपासणीच्या कागदावर त्याला ‘टी-फोर’ म्हणतात. शरीराची चूल किती मोठ्या आचेवर जळावी हे हा रस ठरवतो. रस कमी पडला की सगळं मंद होतं. जास्त झाला की चूल रात्रंदिवस भडकलेली. खाल्लेलं अन्न पुरत नाही, म्हणून शरीर स्वतःचं मांसच सरपण म्हणून घालू लागतं. भूक वाढते आणि वजन घटते, या दोन गोष्टी एकत्र का होत्या याचं उत्तर हे. काळीज धावत राहतं. तहान वाढते, ओकाऱ्या होतात. अंगात सारखी एक तगमग असते, स्वस्थ बसवत नाही, आणि झोप येत नाही. रात्री सगळं घर निजलेलं असताना ही तगमग घेऊन एकटं फिरणारं जनावर दुसरं काय करील?

संस्कृतात मांजराला मार्जार म्हणतात. ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, या धातूपासून. सतत स्वतःला चाटून पुसून घेणारा तो मार्जार. ठमीची लव गेले काही महिने विस्कटलेली, तेलकट, कंबरेवर गुंतलेली होती. हा शब्द मी इतक्यांदा शिकवला आहे! मार्जाराने मार्जन सोडले, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही.

रक्ताचा अहवाल दोन दिवसांनी आला. टी-फोर साधारण एक ते चारच्या आत हवे, ते जवळजवळ दहा होते. वजन दोन किलो नऊशे. दोन वर्षांपूर्वीच्या लसीच्या कागदावर ते चार किलो दोनशे लिहिलेलं सापडलं. नाडी मिनिटाला अडीचशे. पुढच्या पायाला इवलासा पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला, तो एकशे नव्वद. मांजरात एकशे साठच्या वर गेला तरी काळजी करतात. हा दाब असाच राहिला तर डोळ्याच्या आतला पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होतं. बाईंनी तिचे डोळे फार वेळ पाहिले. पडदे जागेवर होते.

हा रोग मांजरांत असतो हेच जगाला अलीकडे कळलं. १९७९ साली न्यूयॉर्कच्या मार्क पीटरसन या पशुवैद्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी बोस्टनहून तसाच वृत्तांत आला. आज म्हाताऱ्या मांजरांच्या ग्रंथींच्या रोगांत तो सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी गणला जातो. बहुतेक रोगी दहा वर्षांपुढचे, सरासरीने बारा-तेराचे. गाठ शेकडा दोन-तीनच रोग्यांत कर्करोगाची निघते, बाकीच्यांत साधी असते. तो का होतो यावर डबाबंद खाण्यापासून घरातल्या सामानात मुरवलेल्या आगरोधक रसायनांपर्यंत अनेक गोष्टींकडे बोट दाखवलं गेलं आहे, पण एकावर खापर फोडता आलेलं नाही. गंमत म्हणजे सयामी मांजरे, जी जन्मतःच बडबडी म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांना हा रोग इतरांच्या मानाने कमी होतो.

उपचार चार आहेत. शस्त्रक्रिया करून वाढलेली ग्रंथी काढणे. किरणोत्सर्गी आयोडीनचे एक इंजेक्शन देणे, जे फक्त रोगट भागात जाऊन बसते आणि तेवढाच भाग जाळते. आयोडीन जवळजवळ वगळलेले खास अन्न जन्मभर देणे, आणि त्यात दुसऱ्या कशाचा कणही नाही. आणि रोजच्या गोळ्या. आयोडीनच्या इंजेक्शनाने रोग बहुधा कायमचा जातो, पण त्याला किरणोत्सर्गी द्रव्य हाताळण्याची सोय लागते. आमच्यापुढे तो मार्ग नव्हता. चौदाव्या वर्षी, धावत्या काळजावर, भूल देऊन गळा उघडायलाही बाई तयार नव्हत्या. राहिल्या गोळ्या. मेथिमाझोल नावाचं औषध ग्रंथीला नवा रस करू देत नाही. गाठ तिथेच राहते, म्हणून गोळी सुटली की आठवड्याच्या आत पुन्हा येरे माझ्या मागल्या.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण तो तुमच्या घरीही घडू शकेल. निदान झाल्याचं इमारतीत कळलं तशी शेजारच्या वहिनी एक बाटली घेऊन आल्या. “भाऊजी, अहो मलाही थायरॉईडच आहे. ह्या माझ्या गोळ्या, अर्धी अर्धी घालून बघा.” प्रेमानं आणल्या होत्या. मी त्या जवळजवळ घेतल्याही. पण बाटलीवरचं नाव वाचलं: थायरॉक्सिन! वहिनींची ग्रंथी मंद, ठमीची भडकलेली. घरोघरी ‘थायरॉईडची गोळी’ म्हणून पहाटे उपाशीपोटी घेतात ती बहुतेक हीच, कमी पडणारा रस भरून काढणारी. ती ठमीला घातली असती तर जळत्या घरात रॉकेल ओतल्यासारखं झालं असतं. रोगाचं नाव एक म्हणून औषध एक, हा हेत्वाभास. त्याला संस्कृतात काय म्हणावं हे मी अजून ठरवलेलं नाही.

मेथिमाझोल सुरू केलं ते अगदी थोडं, अडीच मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, आणि रक्तदाबाची वेगळी गोळी. पथ्यं बाईंनी नीट सांगितली. गोळी कुटायची नाही, दिल्यावर हात धुवायचे, घरात कोणी गरोदर असेल तर तिनं ही गोळी उघड्या हातानं हाताळायची नाही. ओकाऱ्या वाढल्या, खाणं सोडलं, किंवा तोंड खाजवून रक्त काढू लागली तर लगेच आणायचं. आणि तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं, त्यात मूत्रपिंडंही. याचं कारण मला फार विचार करायला लावणारं वाटलं. वाढलेल्या थायरॉईडमुळे मूत्रपिंडांतून रक्त जोरानं वाहतं, आणि आतून थकलेली मूत्रपिंडंही तेवढ्यापुरती चांगली दिसतात. थायरॉईड ताळ्यावर आली की तो मुखवटा गळून पडतो. म्हणजे एक दुखणं बरं करताना दुसरं उघडं पडू शकतं, आणि मग दोहोंच्या मध्ये कुठेतरी औषध बसवावं लागतं.

ठमीचं तसंच झालं. तीन आठवड्यांनी टी-फोर तीनवर आलं, नाडी उतरली, आणि मूत्रपिंडाचा आकडा थोडासा वर गेला. बाईंनी कागदाकडे बघून ओठ मुडपले आणि म्हणाल्या, “चालेल. पाणी भरपूर ठेवा. दर तीन महिन्यांनी दाखवा.” वजन दीड महिन्यात तीनशे ग्रॅम वाढलं. गोळी आम्ही दह्याच्या घट्ट सायीत लपवून देतो. सकाळची ती खाते. संध्याकाळची सायच तेवढी खाऊन गोळी स्वच्छ चाटून बशीच्या काठाशी ठेवून देते, आणि मग आमची कुस्ती होते.

ओरडण्याचं काय? अडीच ते पाचचं अखंड कीर्तन महिन्याभरात थांबलं. पण पूर्णपणे नाही. रात्रीतून एकदा, कधी दोनदा, अजून ती हाक येते. बाईंनी तिच्या मागे टाळी वाजवून पाहिली, किल्ल्या खुळखुळवल्या. कान हलले नाहीत. ती बहिरी होत चालली आहे. बहिऱ्या मांजराला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही, आणि अंधारात घर रिकामं आहे की भरलेलं, हेही कळत नाही. शिवाय म्हातारपणात काही मांजरांना, म्हाताऱ्या माणसांसारखंच, खोलीत आलो ते कशाला हे आठवेनासं होतं. त्यावर गोळी नाही. आम्ही मधल्या खोलीत रात्रभर एक बारीक दिवा ठेवतो. तिचं शेवटचं खाणं निजायच्या अगदी आधी देतो. आणि तिला हात लावण्यापूर्वी जमिनीवर पाय आपटतो, म्हणजे ती दचकत नाही.

या सगळ्यात आईच्या पेटीचं काय झालं ते राहिलं. निदान झालं त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं, ग्रंथी, रस, नाडी, आणि शेताकडे निघालो होतो तेही. ते तिला माहीतच होतं. टोपली कशाला, हे तिनं रविवारीच ओळखलं होतं. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे ती स्वतःचंच सांगत होती.” मग बराच वेळ गप्प बसली. पेटी दुसऱ्या दिवशी कपाटात गेली. यादी मात्र तिनं उशीखालीच ठेवली आहे, ती काढून घ्यायचा मी प्रयत्न केलेला नाही.

गेल्या आठवड्यात पहाटे चारला मला जाग आली. ठमीनं एकदा हाक मारली होती. मी उठून दारापर्यंत गेलो, तर आईच्या खोलीतून पलंगाच्या लाकडी पायावर काठीचे तीन ठोके ऐकू आले. आवाज ठमीला ऐकू जात नाही, पण फरशीतून ते तिच्या पायांना कळत असावेत. ती वळली, शेपटी उभी केली, आणि बारीक दिव्याच्या उजेडातून सरळ त्या खोलीत निघून गेली.